कुठला चमचा?

(या भागाचं हे लिखित रूप. इअरफोन घरी विसरला असाल किंवा बसमध्ये फार गोंगाट असेल, तर वाचा. बोलतानाची वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

 

आज सुरुवातीलाच एक काम सांगते. घरी असाल तर स्वयंपाकघरात जा आणि किती प्रकारचे चमचे आहेत ते मोजा. पोहे खायचा, मसाल्याच्या डब्यातला बारका, चहापत्तीच्या डब्यात कायमचा मुक्कामाला असलेला, वरण वाढायचा, तुपाच्या भांड्यातला. आमच्याकडे मी मोजले, तर सहा आकार निघाले. आणि हे सगळे ‘चमचा’च! आई म्हणते, “चमचाभर साखर टाक,” आणि आपण टाकतो. कुठला चमचा, असं कधी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. त्याचीच गोष्ट आज सांगणार आहे.

मी तेव्हा सातवीत होते. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. माझा धाकटा भाऊ तीन वर्षांचा. त्याला सर्दी-खोकला झाला म्हणून बाबांनी डॉक्टरांकडून औषध आणलं. लाल रंगाचं, गोड वासाचं. बाबा बाटली ठेवून कामावर गेले. आईने बाटली उलटसुलट करून पाहिली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, “तुला इंग्रजी येतं ना? वाच बरं, किती द्यायचं ते.”

आता बघा, आमच्या घरात ‘इंग्रजी येणारी’ मी एकटीच होते. येत होतं म्हणजे काय, तर धडा वाचून दाखवता यायचा. पण घरात विजेच्या बिलापासून शाम्पूच्या पुडीपर्यंत जे काही इंग्रजीत असेल ते माझ्यासमोर यायचं, आणि मला त्याचा केवढा अभिमान! मी बाटली उजेडात धरली. चिठ्ठीवर लिहिलं होतं – वन टीस्पूनफुल, थ्राइस डेली.

थ्राइस डेली म्हणजे दिवसातून तीनदा, हे मला माहीत होतं. राहिलं ‘टीस्पूनफुल’. मी शब्द फोडला. टी म्हणजे चहा. स्पून म्हणजे चमचा. फुल म्हणजे पूर्ण भरलेला. म्हणजे चहाचा चमचा, पूर्ण भरून. सोप्पं! मी चहापत्तीच्या डब्यातला चमचा काढला. मोठा, खोलगट. स्वच्छ धुतला, पुसला. आणि ‘फुल’ लिहिलंय म्हणून अगदी काठोकाठ भरून भावाला दिला. दिवसातून तीनदा. एक थेंबही सांडू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ झोपला तो उठेचना. हाक मारली की डोळे अर्धे उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. आजी म्हणाली, “औषधाने गुंगी आली असंल, झोपू दे.” संध्याकाळ झाली, तरी तसाच. आईने त्याला उभं करायचा प्रयत्न केला, तर पाय लटपटले. मग मात्र आईचा धीर सुटला. शेजारच्या काकांच्या मोटरसायकलवर आई त्याला मांडीवर घेऊन दवाखान्यात गेली. मी मागून पळत.

डॉक्टरांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, “किती औषध दिलंत, ताई?”

आई म्हणाली, “चिठ्ठीवर होतं तेवढंच. चमचाभर.”

डॉक्टरांनी विचारलं, “कुठला चमचा?”

मंडळी, तो प्रश्न मी अजून विसरलेले नाही. मला घरी पाठवून चमचा आणायला लावला. डॉक्टरांनी टेबलावरची औषधाची छोटी प्लास्टिकची कपी घेतली, तिच्यावर ५ मिलीची रेघ होती. त्या रेघेपर्यंत पाणी भरून माझ्या चमच्यात ओतलं. चमचा भरला नाही. दुसऱ्यांदा ओतलं. तरी भरला नाही. तिसऱ्यांदा ओतलं, तेव्हा पाणी काठाला आलं.

तीनपट. दोन दिवस मी माझ्या तीन वर्षांच्या भावाला तीनपट औषध देत होते, आणि तेही इंग्रजी येतं म्हणून.

घाबरू नका, तो बरा झाला. रात्री उशिरापर्यंत डॉक्टरांनी त्याला दवाखान्यातच झोपवून लक्ष ठेवलं. दहाच्या सुमाराला त्याने उठून बिस्किट मागितलं आणि आई रडायला लागली. मला कोणी एक शब्द बोललं नाही. तेच जास्त लागलं. आणि ती ५ मिलीची कपी? तशीच एक कपी आमच्या औषधाच्या खोक्यातही होती. ती मी पहिल्याच दिवशी काढून माझ्या भातुकलीत ठेवली होती. बाहुलीचा पेला म्हणून.

तर आजचा भाग या एका शब्दावर. टीस्पूनफुल. आणि त्याच्या सगळ्या भावंडांवर: स्पूनफुल, कपफुल, हँडफुल, माउथफुल, बकेटफुल. भांड्याचं नाव घ्यायचं, त्याला ‘फुल’ जोडायचं, आणि त्यात मावेल तेवढ्या मालाचं नाव तयार. आपल्याकडे हेच काम ‘भर’ करतो. चमचाभर, वाटीभर, मूठभर, घोटभर. म्हणजे तत्त्व आपल्याला जन्मापासून माहीत आहे. पण जिथे दोन भाषा सारख्या वाटतात, तिथेच पाय घसरतो.

माझी पहिली चूक: ‘फुल’ म्हणजे काठोकाठ

सुटा ‘फुल’ हा शब्द इंग्रजीत दोन ‘एल’ लावून लिहितात. त्याचा अर्थ भरलेला. ग्लास इज फुल, टँक इज फुल. पण स्पूनफुल, हँडफुल यांच्या शेवटी जो ‘फुल’ येतो, त्याला एकच ‘एल’. तो आता सुटा शब्द राहिलेला नाही, तो प्रत्यय झालाय. आणि तो जोडला की तयार होतं ते मापाचं नाव. भांड्याचं वर्णन नाही.

फरक असा. ‘अ कप फुल ऑफ वॉटर’, कप आणि फुल सुटे, म्हणजे पाण्याने भरलेला एक कप. तो कप समोर आहे, तुम्ही उचलू शकता. ‘अ कपफुल ऑफ वॉटर’ म्हणजे कपभर पाणी. ते पाणी आत्ता पातेल्यात असेल, कुकरमध्ये असेल, नाहीतर पोटात गेलेलं असेल. कप कुठेही असो. आपण म्हणतो ना, “भातात दोन वाट्या पाणी घातलंय.” म्हणून काही कुकरमध्ये वाट्या सापडत नाहीत.

म्हणजे ‘टीस्पूनफुल’मधला ‘फुल’ मला “काठोकाठ भर” असं सांगतच नव्हता. तो नुसता ‘भर’ होता. आणि ‘टीस्पून’ हा चहापत्तीच्या डब्यातला चमचाही नव्हता. तो चहा ढवळायचा बारका चमचा. शिवाय औषधाच्या बाबतीत तर तो चमचाच नाही, ते माप आहे. एक टीस्पून म्हणजे ५ मिली. बस.

याच एकाक्षरी प्रत्ययाचा अजून एक अवतार आहे. ब्यूटिफुल, केअरफुल, पेनफुल. इथे तो विशेषण बनवतो. गुण सांगतो, माप नाही. आता हे कानाने ओळखायची एक खूण सांगते, पॉडकास्ट आहे म्हटल्यावर कानाचं काहीतरी पाहिजेच. ‘हँडफुल’ म्हणताना शेवटचा ‘फुल’ स्पष्ट उच्चारतात. ‘केअरफुल’ म्हणताना तो विरघळतो, जवळजवळ ‘फल’ होतो. मापाचा असेल तर ठसठशीत, गुणाचा असेल तर पुसट. आता एखादी इंग्रजी मालिका बघताना कान देऊन ऐका.

आपल्या सगळ्यांची चूक: ‘टू स्पूनफुल’

आता हे आरशात बघितल्यासारखं आहे. आपण मराठी माणसं इंग्रजी बोलताना हमखास म्हणतो, “टू स्पूनफुल शुगर.” यात दोन गोष्टी गळतात. शेवटचा ‘स’ आणि मधला ‘ऑफ’. बरोबर असं: टू स्पूनफुल्स ऑफ शुगर.

आपल्याकडून हे का गळतं, याचा मी बराच विचार केला. अक्कल कमी म्हणून नाही हो! आपला ‘भर’ वेगळ्या स्वभावाचा आहे म्हणून. ‘भर’मध्ये ‘एक’ लपलेला असतो. वाटीभर म्हणजे एक वाटी. मूठभर म्हणजे एक मूठ. दोन झाल्या की आपण ‘भर’ सोडून देतो आणि म्हणतो दोन वाट्या, दोन मुठी, तीन चमचे. “दोन वाटीभर” कोणी म्हणत नाही. म्हणजे ‘भर’चं अनेकवचन करायची वेळ आपल्यावर कधी येतच नाही. मग इंग्रजीत ती वेळ आली की जीभ गोंधळते. शिवाय आपण वस्तूचं नाव थेट पुढे ठेवतो: मूठभर शेंगदाणे, कपभर दूध. मध्ये ‘चा-ची-चे’ लागत नाही. इंग्रजीला मात्र मधला ‘ऑफ’ लागतोच.

बरं, हा ‘स’ नेमका कुठे लावायचा, यावर इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नव्हतं. स्पूनफुल्स की स्पून्सफुल? जुन्या लिखाणात ‘स्पून्सफुल’ सापडतं आणि अजूनही काही शब्दकोश दोन्ही रूपं देतात. पण आज सर्रास चालतं ते स्पूनफुल्स. त्याच्यामागे तर्क चांगला आहे. तीन स्पूनफुल्स म्हणजे चमचा एकच, तो तीनदा भरला. वाढले ते चमचे नाहीत, मापं वाढली. म्हणून ‘स’ सगळ्या शब्दाच्या शेवटी. आणि ‘थ्री स्पून्स फुल’ असं सुटं म्हटलं, तर टेबलावर तीन भरलेले चमचे ओळीने मांडलेत असं चित्र उभं राहतं.

डॉक्टरांनी कपीने तीनदा पाणी ओतलं ना? ते थ्री कपफुल्स होते. कपी एकच होती.

चहाचा कप की कपभर चहा?

अजून एक गंमत. मराठीत मी म्हटलं, “चहाचा कप आण.” तर तुम्ही काय आणाल? रिकामा कप, की चहा भरलेला? दोन्ही चालतं. कोण म्हणतंय आणि कधी म्हणतंय त्यावरून आपण ओळखतो. पाहुणे बसलेले असतील तर भरलेला, भांडी घासायची असतील तर रिकामा.

इंग्रजी इथे शब्दांच्या जागेवरून फरक करते. ‘टीकप’ म्हणजे नुसता कप, चहासाठीचा. ‘कप ऑफ टी’ म्हणजे चहा. ‘मिल्क बॉटल’ म्हणजे दुधाची बाटली, रिकामी असली तरी. ‘बॉटल ऑफ मिल्क’ म्हणजे बाटलीभर दूध. मागे येतं ते खरं नाव, पुढचं त्याचा प्रकार सांगतं. हॉटेलात जाऊन “वन टीकप प्लीज” म्हणालात, तर वेटर रिकामा कप आणून ठेवेल आणि त्याची चूक नसेल.

जिथे भर आणि फुल वेगळ्या वाटेला जातात

‘हँडफुल’ म्हणजे मूठभर. ‘हातभर’ नाही. आपलं हातभर हे लांबीचं माप आहे, हातभर दोरी, वीतभर कापड, बोटभर चिठ्ठी. आपला ‘भर’ लांबीलाही लागतो. वेळेलाही लागतो: दिवसभर, रात्रभर, जन्मभर. जागेलाही: घरभर, गावभर. आणि इंग्रजीतून आलेल्या शब्दांनाही तो बिनतक्रार चिकटतो. मिनिटभर थांब. इंचभरही हलणार नाही. इंग्रजीतल्या ‘फुल’ला एवढी मोकळीक नाही. ‘डेफुल’ असा शब्द चालत नाही, तिथे ‘ऑल डे’ म्हणावं लागतं.

एका बाबतीत दोन्ही भाषा अगदी जुळ्या आहेत. ‘ओन्ली अ हँडफुल ऑफ पीपल’ म्हणजे मूठभर माणसं, थोडीशी. पण तेच एखाद्या पोराबद्दल ‘ही इज अ हँडफुल’ म्हटलं, तर अर्थ होतो की पोरगं आवरत नाही. एका माणसाचे दोन्ही हात भरून उरतील एवढं कार्टं! तसंच ‘माउथफुल’ म्हणजे घास किंवा घोट. पण एखादं नाव उच्चारायला अवघड, लांबलचक असेल तर त्यालाही ‘अ माउथफुल’ म्हणतात. परदेशात शिकायला गेलेल्या आपल्या मंडळींना आडनाव सांगितल्यावर हे ऐकावं लागतं. राग मानू नका, तोंडात मावत नाही एवढाच त्याचा अर्थ.

‘इअरफुल’ मात्र जपून. शब्दशः कानभर. आपल्याला लगेच ‘कान भरणे’ आठवतं, म्हणजे कोणाच्या तरी विरोधात कोणाला तरी चिथावणं. इंग्रजीत ‘शी गेव्ह मी अॅन इअरफुल’ म्हणजे तिने मला चांगलंच झापलं. कान भरले नाहीत, कानउघाडणी केली. एका भाषेत कान भरतात, दुसरीत उघडतात, आणि अर्थ जुळतो तो या दोघांचा!

आणि पोटभर! आपल्याकडे पोटभर म्हणजे आनंदच. “पोटभर जेव” यासारखं प्रेमाचं वाक्य नाही. इंग्रजीत ‘आय हॅव हॅड अ बेलीफुल’ म्हणजे मला वीट आलाय, पुरे झालं. तेव्हा परदेशी मित्राच्या आईने प्रेमाने जेवू घातलं, तर हे वाक्य तिथे टाकू नका.

उलट आपल्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही अशीही गंमत आहे. चिमूट, मूठ, ओंजळ. आपल्या हातानेच तीन मापं होतात. चिमटीला इंग्रजीत ‘पिंच’ आहे, मुठीला ‘हँडफुल’ आहे. पण ओंजळीसाठी रोजच्या इंग्रजीत एक शब्द नाही, ‘डबल हँडफुल’ म्हणून भागवतात. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र त्यासाठी खास शब्द आहे, ‘गाउपन’. दोन्ही हात जोडून केलेली ओंजळ किंवा त्यात मावेल तेवढं काही. मला हा शब्द सापडला तेव्हा इतका आनंद झाला, जसं काही परदेशात कोणी गावाकडचं भेटलं.

आणि एक आपल्या नाट्यगृहाबाहेरचा. ‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड! इंग्रजीत ‘हाऊसफुल’ म्हणजे घरभर. अ हाऊसफुल ऑफ गेस्ट्स, घरभर पाहुणे. नाटकाचं थिएटर भरलं की इंग्रज म्हणतात ‘फुल हाऊस’. आपण शब्द फिरवला, वर एक ‘ल’ जास्त लावून जोर दिला, आणि तो बोर्ड इतका आपलासा केला की तो इंग्रजी आहे हेच विसरलो. माझं मत विचाराल, तर तो आता मराठी शब्द आहे. राहू द्या.

भांडं जातं, माप राहतं

आता थोडं इतिहासात. एक काळ असा होता की सगळी मापं म्हणजे भांडीच होती. आपल्याकडे निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली. चार शेरांची एक पायली. धान्य वजनाने नाही, भांड्याने मोजायचे. १९५६ मध्ये कायदा झाला आणि देशात मेट्रिक मापं येऊ लागली, किलो आले, लिटर आले. पायली बाजारातून हळूहळू गेली. पण भाषेतून गेली का? “असले पायलीला पन्नास मिळतात,” असं आपण अजून म्हणतो. आणि नवी नवरी आजही उंबऱ्यावर धान्याने भरलेलं माप ओलांडूनच घरात येते.

इंग्रजीतही तेच. आपण रोज ‘टन’ म्हणतो ना, ऊस किती टन, सिमेंट किती टन? तो शब्द ‘टन’ नावाच्या दारूच्या मोठ्या पिंपावरून आलाय. पिंपाचं नाव आणि वजनाचं नाव, दोन्ही मुळात एकच. कच्च्या तेलाचा भाव बातम्यांमध्ये बॅरलमध्ये सांगतात. एक बॅरल म्हणजे ४२ अमेरिकन गॅलन, सुमारे १५९ लिटर. पण तेल आता पिंपात भरून जात नाही, पाइपलाइनमधून आणि जहाजांतून जातं. पिंप गेलं, माप राहिलं. आणि ‘बजेट’! तो शब्द आलाय चामड्याच्या छोट्या पिशवीच्या फ्रेंच नावावरून. आधी पिशवी, मग पिशवीत जे आहे ते. महिनाअखेरीला आपलंही बजेट म्हणजे रिकामी पिशवीच असते, ते सोडा.

चमच्याचंही असंच झालं. पूर्वीच्या इंग्रजी पाककृतींमध्ये चमचा म्हणजे घरात असेल तो चमचा. कोणी शीग लावून भरे, कोणी अर्धवट. १८९६ मध्ये अमेरिकेत फॅनी फार्मर या बाईंचं बॉस्टन कुकिंग स्कूलचं पाकपुस्तक आलं. त्यांचा आग्रह असा की ठराविक मापाचा चमचा आणि कप घ्यायचा, भरायचा आणि सुरीने वरचा भाग सपाट करायचा. शीग नाही, खळगा नाही. चमचा तेव्हा खऱ्या अर्थाने माप झाला. आपल्याकडे १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं. त्यात घरातल्याच वाटी-चमच्याची मापं दिलेली, त्यामुळे नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्या कितीतरी जणींची आणि जणांची सोय झाली.

पण आजही सगळीकडे चमचा एक नाही, हे लक्षात ठेवा. यूट्यूबवर रेसिपी बघून केक करता ना? टीस्पून सगळीकडे जवळपास ५ मिलीचा. टेबलस्पून इंग्लंड-अमेरिकेत साधारण १५ मिलीचा, पण ऑस्ट्रेलियात २० मिलीचा. अमेरिकन कप साधारण २३७ मिलीचा, मेट्रिक कप २५० मिलीचा. तुमचा केक बसला, तर दरवेळी दोष ओव्हनचा नसतो. बाई कुठल्या देशातल्या आहेत ते आधी बघा!

केक बसला तर फार तर हसं होईल. औषधाचं तसं नाही. टीस्पूनचं संक्षिप्त रूप लिहितात टी-एस-पी. टेबलस्पूनचं टी-बी-एस-पी. मध्ये फक्त एक ‘बी’. त्या एका अक्षराने औषध तीनपट होतं. म्हणूनच २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने, सांगितलं की मुलांच्या पातळ औषधाचं प्रमाण चमच्यात लिहूच नका. फक्त मिलीमध्ये लिहा, आणि घरातला चमचा वापरू नका. हे वाचलं तेव्हा मला काय वाटलं असेल, तुम्हीच ओळखा. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, त्यांच्याकडूनही हीच चूक होत होती. सातवीतली मी एकटीच वेडी नव्हते.

म्हणून तुमच्यापैकी जे घरातले ‘इंग्रजी येणारे’ आहेत, त्यांना हे सांगायचंय. तुमच्या हातात आता फोन आहे. आजीची बाटली, शेजारच्या काकूंचा रिपोर्ट, बाबांचा बँकेचा मेसेज तुमच्याकडेच येणार. अभिमान वाटू द्या, वाटायलाच हवा. पण शब्द वाचता आला म्हणजे अर्थ कळला असं नाही. औषधाच्या बाबतीत तीन गोष्टी करा. एक, चिठ्ठीवर मिली किती ते शोधा. नसेल तर औषधवाल्याला किंवा डॉक्टरांना विचारा. दोन, खोक्यातली कपी किंवा माप घातलेली सिरिंज वापरा, ती फेकू नका. आणि भातुकलीतही ठेवू नका. तीन, जास्त दिलं गेलंय अशी शंका आली, तर लाजून गप्प बसू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. मला त्या दिवशी दवाखान्यात चमचा नेऊन दाखवायची जेवढी लाज वाटली, तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही. पण तो चमचा नेला म्हणूनच किती औषध पोटात गेलं ते डॉक्टरांना कळलं.

भाऊ आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो, स्वयंपाक स्वतः करतो. परवा त्याचा आईला फोन आला, “आई, आमटीत मीठ किती घालू?” मी शेजारीच बसले होते. आई म्हणाली, “चमचाभर.” मग थांबली, माझ्याकडे बघून हसली, आणि त्याला विचारलं, “कुठला चमचा आहे रे तुझ्याकडे?”

त्याने व्हिडिओ कॉल लावून चमचा दाखवला. मोठा होता. आई म्हणाली, “मग अर्धाच घाल.”

आमच्या घरात तो प्रश्न आता असा राहिलाय. कोणी रागवत नाही, कोणी जुनं उकरत नाही. पण ‘चमचाभर’ म्हटलं की मागोमाग विचारलं जातंच.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. तुमच्या घरातला किंवा गावाकडचा ‘भर’ लागलेला एखादा शब्द शोधा, जो शहरात फारसा ऐकू येत नाही. पसाभर असेल, टोपलंभर असेल, पदरभर असेल. त्याचं मोजमाप कसं व्हायचं ते घरातल्या मोठ्यांना विचारा आणि तुमच्याच आवाजात मला पाठवा. मिनिटभर पुरे. निवडक आवाज पुढच्या भागात ऐकू.

तोवर पोटभर जेवा, रात्रभर नीट झोपा. आणि औषध घेताना विचारा, कुठला चमचा?

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!